मुलीच्या आईचे लुगडे

दिवाळी सरते. सोयाबीन, भुईमूग घरात येतो. रानात शाळू वीतभर वर आलेला असतो. पहाटे अंगणात दव पडू लागते. कार्तिकी एकादशी होते आणि दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत घरोघर तुळशीची लग्ने लागतात. आषाढी एकादशीपासून चार महिने आपल्याकडे लग्ने करीत नाहीत. तुळशीचे लग्न लागले, की वाट मोकळी होते. मग माणसांची लग्ने निघतात.

लग्न ठरले, की बस्ता आला. घरातली पाच-सात माणसे गाडी करून तालुक्याच्या गावी जातात. जाण्याआधी यादी होते. ही यादी एकदा नीट वाचून पाहा. तीत नवऱ्या मुलाचे कपडे असतात. नवरीचा शालू असतो. विहीणबाईंचे लुगडे असते, व्याह्यांचे धोतर किंवा पँटपीस असते. आत्या, मावशी, मामी, करवल्या, सगळ्यांची नावे असतात. परीट, न्हावी, गुरव, कोणी राहत नाही. पण एक नाव त्या यादीत बहुधा नसते. ते नाव असते नवरीच्या आईचे.

“माझं काय? मी काहीही नेसेन,” असे ती म्हणते. आणि आपण सगळे ते खरे मानतो.

आम्हीही मानले होते. त्याची गोष्ट आधी सांगतो.

आमची चूक

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गावातले लोक यादी करायची झाली तर आम्हाला बोलावतात. २०१२ साली आमच्या मुलीचे लग्न ठरले. कार्तिकातलाच मुहूर्त होता. बस्त्याची यादी आम्हीच आमच्या हाताने लिहिली. सुवाच्य अक्षरात, आकडे घालून. चाळीस नावे झाली. घरच्या मंडळींचे नाव त्यात लिहायचे राहिले. आम्हाला ते कळलेसुद्धा नाही.

बस्ता घरी आला. गठ्ठा सोडला. शेजारच्या काकूंनी विचारले, “मास्तर, आणि नवरीच्या आईला काय आणलंत?” तेव्हा आमची जीभ टाळ्याला चिकटली. दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच तालुक्याला गेलो. पैसे संपत आले होते. दुकानदाराने एक चमचमीत साडी पुढे टाकली. म्हणाला, “गुरुजी, प्युअर सिल्क. पैसे मागनं द्या.” आम्ही ना हात लावून पाहिला, ना पावती वाचली. शिकलेला माणूस, पण घाईत आंधळा झाला. चार हजारांची उधारी करून आम्ही ती साडी घरी आणली.

लग्नाच्या दिवशी आमची बायको पहाटे चारला ती साडी नेसली. कापड निसरडे होते. निऱ्या ठरेनात. एका हाताने ताट धरायचे आणि दुसऱ्या हाताने निऱ्या धरायच्या, अशी तिची गत झाली. सकाळी ग्रहमखाच्या होमापाशी आम्ही दोघे बसलो होतो. समिधेची एक ठिणगी उडाली आणि तिच्या मांडीवर पडली. सुती कापड असते तर भोक पडले असते, झटकून टाकता आले असते. हे कापड वितळले आणि कातडीला चिकटले. रुपयाएवढा फोड आला.

ती बोलली नाही. दिवसभर हसत राहिली. पाहुण्यांना जेवा म्हणाली, विहीणबाईंची ओटी भरली, लेकीला गाडीत बसवले. रात्री मांडव रिकामा झाला, तेव्हा तिने आम्हाला ती जखम दाखवली.

आम्ही म्हणालो, “अगं, तेव्हाच का नाही सांगितलंस?”

ती म्हणाली, “सांगून काय करायचं होतं? लेकीचं लग्न थांबवायचं?”

ती साडी पुन्हा कधी कोणी नेसली नाही. ती सिल्क नव्हती, पॉलिएस्टर होती. तिची उधारी मात्र आम्ही चार महिने फेडत होतो.

म्हणून आम्ही हा पाठ लिहीत आहोत. आमची चूक तुमच्या घरी होऊ नये.

आधी तिचे काम पाहा

लुगडे निवडताना लोक आधी रंग पाहतात. आम्ही म्हणतो, आधी काम पाहा. त्या दिवशी नवरीच्या आईला काय काय करायचे असते?

ती सगळ्यांच्या आधी उठते. कार्तिक-मार्गशीर्षात पहाटे थंडी असते. दुपारी मांडवात माणसांची दाटी आणि चुलीची धग असते. संध्याकाळी पुन्हा गार होते. म्हणजे एकाच दिवसात तिला थंडीही सोसायची आणि ऊनही.

ती होमापाशी बसते. म्हणजे विस्तवाशी गाठ आहे. ती कन्यादानाला बसते. पुष्कळ घरांत बाप हात पुढे धरतो आणि आई वरून पाण्याची धार सोडते. म्हणजे पाण्याशी गाठ आहे. ती पन्नास वेळा खाली वाकते, पन्नास वेळा उठते. पाया पडणारे पाया पडतात, गळ्यात पडणारे गळ्यात पडतात. शेवटी लेक निघते, तेव्हा आईच्या पदरानेच डोळे पुसले जातात. लेकीचेही आणि तिचेही.

एवढे सारे ज्या कापडात करायचे, ते कापड कसे असावे? अंगाला सोसणारे असावे. घाम टिपणारे असावे. निऱ्या धरून ठेवणारे असावे. विस्तवापाशी दगा न देणारे असावे. नुसते चकाकणारे असून भागत नाही.

सुती कापड घाम टिपते. रेशीम थंडीत ऊबदार असते आणि उन्हातही फार जाचत नाही. पॉलिएस्टरसारखे कारखान्यातले धागे स्वस्त असतात, धुवायला सोपे असतात, लवकर वाळतात. रोजच्या वापराला ते वाईट नाहीत. पण ते घाम टिपत नाहीत आणि आच लागली की वितळतात. होमापाशी किंवा चुलीपाशी बसणाऱ्या बाईने ते नेसू नये. आणि कापड कोणतेही असो, विस्तवापाशी बसताना पदर खोचून घ्यावा. सुती कापडही पेटते, हे विसरू नये.

कोणकोणती लुगडी मिळतात

आपल्याकडे लग्नाला नेसण्याजोगी हातमागाची लुगडी अनेक आहेत. त्यांतली चार सांगतो.

पहिले इरकल. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात इलकल नावाचे गाव आहे. त्या गावावरून हे नाव पडले. अंग बहुतेक सुती, त्यावर बारीक रेघा किंवा चौकडी. पदर लाल रेशमी, त्यावर पांढरी नक्षी. अंगाचे धागे आणि पदराचे धागे एकमेकांत अडकवून हा पदर जोडतात. याला आपल्याकडच्या बायका टोप पदर म्हणतात. हे लुगडे अंगाला बसते, निऱ्या धरते, आणि लग्नानंतर सणावाराला दहा-वीस वर्षे चालते. आता पुष्कळ इरकल यंत्रमागावर निघतात आणि पदर नकली रेशमाचा असतो. ते स्वस्त पडते. घ्यायला हरकत नाही. पण नकली माल खऱ्याच्या भावाने घेऊ नये.

दुसरे नारायणपेठ. हे गाव तेलंगणात आहे. याचे अंग चौकडीचे आणि काठ वेगळ्या रंगाचे असतात. सुतीही मिळते आणि रेशमीही मिळते. वजनाला हलके असते.

तिसरे करवतकाठी. हे आपल्या विदर्भाचे. ऐनाच्या झाडावर रेशमाचे किडे कोश करतात, त्यापासून टसर रेशीम निघते. विदर्भात त्याला कोसा म्हणतात. या लुगड्याच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. म्हणून नाव करवतकाठी.

चौथी पैठणी. तिचे नाव गोदावरीकाठच्या पैठणचे आहे. आज नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यालाही ती मोठ्या प्रमाणात विणतात. पैठणीच्या पदरावरचे मोर आणि वेली हाताने, धागा धागा गुंफून काढतात. नक्षी मोठी असली तर एका पैठणीला कित्येक महिने लागतात. म्हणून तिची किंमत मोठी असते. ऐपत असेल तर जरूर घ्यावी. विणकराच्या घरात चार पैसे जातात. पण कर्ज काढून पैठणी नेसली, तर ती अंगावर एक दिवस राहते आणि डोक्यावर तीन वर्षे राहते.

चोळीसाठी खण घ्यावा. कर्नाटकातले गुळेदगुड्ड हे गाव खणासाठी नावाजलेले आहे. इरकल आणि खण ही जोडी शोभते आणि खिशालाही परवडते.

खरे-खोटे कसे ओळखावे

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ही विद्या देवळातली पोथी वाचण्यापुरती नाही. ती दुकानातही वापरा.

हातमागाच्या कापडावर हातमागाचे चिन्ह असलेली चिठ्ठी असते. हे चिन्ह सरकारने २००६ साली सुरू केले. खऱ्या रेशमासाठी ‘सिल्क मार्क’ नावाची चिठ्ठी आहे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ती २००४ पासून चालू आहे. दुकानदाराला विचारा, “चिठ्ठी कुठे आहे?” चिठ्ठी नाही म्हणून माल खोटा असतोच असे नाही. पण खऱ्याचा भाव मागणाऱ्याने खऱ्याची खूण दाखवली पाहिजे.

दुसरी परीक्षा धाग्याची. लुगड्याच्या टोकाला दशा असतात. दुकानदाराला विचारून त्यातला एक धागा काढा. चिमट्यात धरून तो काडीच्या जाळावर धरा. सुती धागा कागदासारखा जळतो. कागद जळल्यासारखाच वास येतो आणि मऊ राख होते. रेशमाच्या धाग्याला केस जळल्यासारखा वास येतो. जाळ बाजूला केला की तो विझतो आणि त्याची राख बोटाने चुरडता येते. पॉलिएस्टरचा धागा आक्रसतो, वितळतो आणि शेवटी त्याचा कडक मणी होतो. तो मणी बोटांनी फुटत नाही. मात्र ही परीक्षा कापडाच्या ढिगापासून दूर जाऊन करावी.

काठ आणि पदर यांचे धागे वेगवेगळे असू शकतात. म्हणून अंगाचा एक आणि पदराचा एक, असे दोन्ही धागे पाहावे.

तिसरी परीक्षा पैठणीची. पदर उलटा करून पाहा. हाताने विणलेल्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. यंत्रावर केलेल्या कापडाला मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात.

चौथी परीक्षा रंगाची. पांढऱ्या रुमालाचे टोक ओले करा आणि काठावर घासा. रुमाल लाल झाला तर रंग कच्चा आहे. असे लुगडे भिजले की काठाचा रंग अंगावर उतरतो. कन्यादानाच्या पाण्यातच ही फजिती व्हायची.

फोनवर चित्र पाहूनही आता साड्या मागवतात. चित्रात कापडाचा पोत कळत नाही आणि रंगही फसवतो. रोजची साडी तशी मागवा. पण नवरीच्या आईचे लुगडे हात लावून, उजेडात नेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये.

माप आणि हिशेब

लुगडे नऊवारी म्हणतात. एक वार म्हणजे तीन फूट, म्हणजे ३६ इंच. नऊ वार म्हणजे २७ फूट. आजच्या मापाने ते साधारण सव्वाआठ मीटर होते. दुकानात सांगा, “टेप लावून दाखवा.” आठ वार कापड नऊ वार म्हणून गळ्यात मारले, तर नेसताना ते अपुरे पडते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर असते. तिला ब्लाउजचे कापड जोडलेले असेल तर एकूण सव्वासहा मीटरच्या आसपास भरते.

सुती लुगडे पहिल्या धुण्यात थोडे आटते. म्हणून ते लग्नाच्या आधी एकदा गार पाण्यात, वेगळे धुऊन घ्यावे. त्याने खळ जाते, कापड मऊ होते आणि रंगाचीही परीक्षा होते. रेशमाला मात्र असे पाणी लावू नये. चोळी पंधरा दिवस आधी शिवून घ्यावी. ती घालून दोन्ही हात वर करून पाहावे. अक्षता टाकताना चोळी काखेत काचली, तर सगळा दिवस काचत राहते.

हळदीच्या दिवशी लग्नाचे लुगडे नेसू नये. घरातले जुने पण स्वच्छ लुगडे त्या दिवशी चालते. हळदीचा डाग पडला आणि साबण लावला, की तो लाल होतो. बायका घाबरतात. घाबरू नये. साबणाने धुऊन कापड उन्हात वाळवावे. दोन-तीन उन्हांत डाग फिका पडतो.

आता पैशाचा हिशेब. पाटी-पेन्सिल घेऊन बसा. समजा, सहा हजारांचे लुगडे उधारीवर घेतले आणि सावकाराने शेकडा तीन रुपये महिना व्याज लावले. शंभराला तीन, तर हजाराला तीस. सहा हजारांना एका महिन्याचे व्याज १८० रुपये. बारा महिन्यांचे २,१६० रुपये. म्हणजे वर्षभराने सहा हजारांचे लुगडे ८,१६० रुपयांना पडले. लुगडे तेच, फक्त वरचे दोन हजार सावकाराने नेसले!

त्यापेक्षा रोख दोन हजारांचे चांगले सुती इरकल घ्यावे. लग्न ठरल्या दिवसापासून बचत गटात किंवा पोस्टात महिन्याला थोडे थोडे टाकावे. यादी करताना सर्वांत वर आईचे नाव लिहावे आणि पुढे रक्कम लिहावी. नाव शेवटी राहिले, की पैसेही शेवटचेच उरतात. आणि पावती घ्यावी. तिच्यावर तारीख, मालाचे नाव आणि रक्कम वाचून मगच पैसे मोजावे. ‘सिल्क’ म्हणून घेतले असेल तर पावतीवरही तसे लिहून घ्यावे. आम्ही ते केले नव्हते. म्हणून आम्हाला परत भांडायलाही तोंड नव्हते.

कोणी म्हणेल, “विहीणबाई भारी नेसल्या आणि आमची साधी नेसली, तर लोक काय म्हणतील?” लोक दुपारी जेवतात आणि संध्याकाळी घरी जातात. व्याज घरी राहते. मुलाकडच्यांनी अमुकच लुगडे द्या, अमुकच शालू द्या असा हट्ट धरला, तर तोही लग्नाच्या अटीतला हुंडाच होऊ शकतो. १९६१ च्या कायद्याने हुंडा मागणे, घेणे आणि देणे, तिन्ही गुन्हे आहेत. हे व्याह्यांना गोड शब्दांत, पण सांगावे.

रंग कोणता?

नवरीचा रंग ठरलेला असतो. पिवळी साडी, हिरवा शालू, हिरवा चुडा. पण नवरीच्या आईला असा नेम नाही. काळा रंग लग्नात टाळतात, एवढेच. हिरवा, जांभळा, डाळिंबी, मोरपंखी, तिला जो आवडेल तो तिने घ्यावा. एवढे पाहावे, की तो नवरीच्या शालूसारखाच नसावा. मांडवात नवरी लांबून ओळखू यावी.

पण रंगाच्या गोष्टीत एक काटा आहे. तो सांगितल्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

नवरीची आई विधवा असली तर?

आमची धाकटी बहीण शेजारच्या तालुक्यात दिली आहे. तिचा नवरा वारून नऊ वर्षे झाली होती. तिने शेत सांभाळले, दोन म्हशी पाळल्या, लेकीला शिकवले. २०२२ साली त्या लेकीचे लग्न ठरले. मुहूर्त मार्गशीर्षातला होता. भाऊबीजेला आम्ही तिच्याकडे गेलो. या खेपेस आम्ही शहाणे झालो होतो. आधी विचारले, “अगं, लग्नात नेसायला तुला कोणतं लुगडं घेऊ? तू सांग, मी पैसे देतो.”

ती म्हणाली, “दादा, मला कशाला? फिकं काही तरी बघ. मी कुठं पुढं यायचीय? कन्यादानाला तू आणि वहिनी बसा. मी आत सैपाकाचं बघते.”

आम्ही गप्प झालो. खरे सांगायचे तर आम्हालाही तेच रीतीचे वाटत होते. इतक्यात भाची माजघरातून बाहेर आली. ती म्हणाली, “मामा, मला बाप होऊन कुणी वाढवलं? हिनंच ना? मग ही आत आणि मी बाहेर, असं लग्न मला करायचं नाही.”

त्याच वर्षीच्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने एक ठराव केला होता. नवरा वारला म्हणून बाईचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचे नाही, असा तो ठराव. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेच करायला सांगितले. ही बातमी आम्ही वर्तमानपत्रात वाचली होती. चांगले झाले, असे मोठ्याने म्हणालोही होतो. पण दुसऱ्या गावचा ठराव चांगला म्हणणे सोपे असते. तोच आपल्या घरच्या मांडवात आला, की पाय जड होतात.

आम्ही बहिणीला म्हणालो, “उद्या तालुक्याला चल. लुगडं तू निवडायचं.”

दुकानात ती आधी राखी रंगाचेच पाहत बसली. आमची बायको तिच्या शेजारी बसली होती. तिने हळूच एक हिरवे इरकल काढून तिच्या मांडीवर ठेवले. बहीण त्या लाल पदरावरून हात फिरवत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “हे ह्यांना आवडायचं.” तेच घेतले. अंग सुती, पदर रेशमी, माप नऊ वार. धागा पाहिला, काठ ओल्या रुमालाने घासला, पावती वाचली, रोख पैसे दिले.

लग्नात ती हिरवे इरकल नेसून मांडवात उभी राहिली. कन्यादानाची धार तिनेच सोडली. भटजींनी काही हरकत घेतली नाही. दोन म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या. एक चुलता जेवायच्या पंगतीपर्यंत फुगून बसला, मग जेवला. आभाळ कोसळले नाही. विहीणबाई स्वतः पुढे आल्या आणि त्यांनी तिला हळदीकुंकू लावले. तेव्हा मात्र आमच्या बहिणीचे डोळे भरले.

ते लुगडे ती आजही नेसते. दर भाऊबीजेला आम्ही गेलो, की तेच नेसून ओवाळते.

शेवटचे सांगणे

मंडळी, लग्न एका दिवसाचे असते. लुगडे दहा वर्षांचे असते. आणि आई जन्माची असते. वीस-बावीस वर्षे तिने लेकीला न्हाऊ-माखू घातले, आजारात उशाशी बसली, शाळेत पाठवले. त्या कामाचा हा शेवटचा दिवस. त्या दिवशी तिला उरलेसुरले देऊ नका. तिच्या नावाने कर्जही काढू नका. आणि नवरा नाही म्हणून तिला आत लोटू नका.

भारी नसले तरी चालेल. सुती असले तरी चालेल. पण बस्त्याची यादी कराल, तेव्हा पहिल्या ओळीत तिचे नाव लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.

आणि लिहिण्याआधी तिला विचारा. ती ‘काहीही चालेल’ म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. दुसऱ्यांदा विचारा.